तणनाशक पानात नेमके काय करते? ऊन, ढग आणि प्रकाशसंश्लेषण

रेवदंड्यातील एका सुपारीच्या वाडीत पाहिलेली गोष्ट. ऑगस्टचा महिना होता आणि पावसाने उघडीप दिली होती. वाडीच्या मालकांनी एकाच दिवशी, एकाच पंपाने, एकाच बाटलीतले पॅराक्वाट दोन ठिकाणी फवारले. एक फवारा कुंपणाबाहेरच्या उघड्या गवतावर आणि दुसरा आत, नारळ-सुपारीच्या सावलीतल्या गवतावर. बाहेरचे गवत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत करपून गेले. आतले गवत मात्र चौथ्या दिवशीही बऱ्यापैकी हिरवे होते. आत मारलेला पंप पातळ झाला असावा असे समजून त्यांनी आत पुन्हा एकदा, या वेळी जास्त मात्रेने फवारणी केली. आठवड्याभरात गवत मेले. त्यासोबत केळीचे कोवळे पिलेही पोगरापर्यंत करपले आणि सुपारीच्या लहान रोपांच्या पानांवर तपकिरी चट्टे पडले.

पहिला पंप पातळ नव्हता. आत ऊन कमी होते, एवढाच फरक. हे औषध प्रकाशाशिवाय जवळजवळ काम करत नाही. बरीच तणनाशके पानातील प्रकाशसंश्लेषणाच्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर घाव घालतात. ती पायरी कोणती हे माहीत असेल तर फवारणी कधी करावी, लक्षणे किती दिवसांत दिसतील आणि पिकाला इजा का झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

पानातला पाट

प्रकाशसंश्लेषण म्हणजे सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार करणे. हे काम पानांच्या पेशींतील हरितलवकांत चालते. हरितद्रव्य प्रकाश शोषते, पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन एका ठरलेल्या मार्गाने पुढे जातात. या मार्गावर दोन मोठी केंद्रे आहेत. गंमत अशी, की क्रमाने पहिल्या केंद्राला शास्त्रज्ञ ‘प्रकाशप्रणाली दोन’ म्हणतात आणि नंतरच्याला ‘प्रकाशप्रणाली एक’, कारण नावे शोधाच्या क्रमाने पडली. मार्गाच्या शेवटी तयार होणारी ऊर्जा वापरून साखर बनते.

वाडीत विहिरीचे पाणी पाटाने आळ्याआळ्यात जाते, तसे हे समजावे. पंप म्हणजे सूर्य, पाट म्हणजे इलेक्ट्रॉनचा मार्ग आणि आळे म्हणजे साखर. आता पंप चालू ठेवून कोणी पाट मध्येच बुजवला तर काय होईल? झाडांना पाणी मिळणार नाही हे खरेच, पण त्याआधी पाटाचे काठ फुटतील. तणनाशकाने मरणाऱ्या पानात नेमके हेच होते. तण उपाशी मरते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा स्वतःच शोषलेल्या, पण वाट न मिळालेल्या प्रकाशाने जळते.

पाट बुजवणारी औषधे

ॲट्राझीन, मेट्रीब्युझीन, डाययुरॉन आणि आयसोप्रोट्युरॉन ही या गटातली औषधे. प्रकाशप्रणाली दोनमध्ये डी-१ नावाचे एक प्रथिन आहे. इलेक्ट्रॉन पुढे नेणारा वाहक ज्या खाचेत येऊन बसतो, तीच जागा ही औषधे अडवतात. इलेक्ट्रॉन तिथेच तुंबतात. हरितद्रव्य मात्र प्रकाश घेतच राहते. तुंबलेली ऊर्जा ऑक्सिजनला अतिशय दाहक रूप देते आणि हा ऑक्सिजन पेशींची आवरणे फोडतो.

यातली बरीच औषधे जमिनीतून मुळांवाटे पाण्याबरोबर वर चढतात. म्हणून आधी जुनी, खालची पाने पिवळी पडतात. सुरुवात कडांपासून आणि शिरांच्या मधल्या भागात होते, पुढे ती पाने करपतात. उगवण मात्र नीट झालेली असते. बियांतील साठ्यावर रोप वर येते, हिरवी पाने टाकते आणि स्वतःचे अन्न बनवायला लागल्यावर मरते. ‘औषध लागले नाही, तण उगवले’ अशी तक्रार घाईने करू नये, ती यासाठी.

मग मका का मरत नाही? मक्याच्या पानातही तेच डी-१ प्रथिन आहे आणि ॲट्राझीन तिथे पोहोचले तर मकाही मरेल. मका ते पोहोचण्याआधीच मोडून टाकतो. त्याच्या पेशींतील विकरे ॲट्राझीनला ग्लुटाथायोन नावाचा रेणू जोडून निष्प्रभ करतात. वालाकडे, भाजीपाल्याकडे ही सोय नाही. आपल्याकडे काही जण उन्हाळ्यात मधुमका घेऊ लागले आहेत. घाटावरच्या नातेवाइकाने दिलेली ॲट्राझीनची पुडी मक्यात चालली, म्हणून उरलेली वालात वापरणे म्हणजे वाल घालवणे. जमिनीतला अंशही काही महिने टिकतो, त्यामुळे मक्यामागून लगेच कडधान्य घेताना लेबलवरचा फेरपालटाचा मजकूर वाचावा. रेवदंडा, नागाव, आक्षी या पट्ट्यातील वाड्यांची जमीन रेताड आहे आणि पिण्याच्या विहिरी वाडीतच आहेत. ॲट्राझीन पाण्याबरोबर खोल झिरपते. भूजलातील अंशांमुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. विहिरीभोवतीच्या रेतीत हे औषध वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाट फोडणारे औषध

पॅराक्वाटची तऱ्हा वेगळी आहे. ते पाट बुजवत नाही. प्रकाशप्रणाली एकच्या टोकाशी आलेला इलेक्ट्रॉन ते स्वतः पळवते आणि लगेच ऑक्सिजनला देऊन टाकते, मग मोकळे होऊन पुन्हा पुढचा पळवते. औषधाचा एकच रेणू हे चक्र असंख्य वेळा फिरवतो. त्यातून तयार होणारे दाहक मुक्तकण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पेशींची आवरणे फाडतात, पान आधी पाणी सुटल्यासारखे गडद दिसते आणि मग वाळते. भर उन्हात हे काही तासांत घडते. सावलीत किंवा अंधारात चक्र फिरवायला इलेक्ट्रॉनच कमी येतात, म्हणून पान हिरवे राहते. औषध मात्र पानात शिरलेलेच असते. उलट, सावलीत पेशी लवकर न मेल्यामुळे ते पानात थोडे आतवर पसरते आणि नंतर ऊन मिळाले की मोठा भाग करपवते. वाडीतील फवारणीनंतर निकालासाठी आठवडाभर थांबायला हवे होते, ते यामुळे.

पॅराक्वाट खोडाच्या तपकिरी, जून सालीतून सहसा आत जात नाही. केळीचे खोड, सुपारीचे कोवळे रोप आणि पानवेल यांचा मात्र बाहेरचा भाग हिरवा असतो. जिथे हिरवे, तिथे प्रकाशसंश्लेषण आणि तिथेच हे औषध. एकाखाली एक अशी मिश्र लागवड असलेल्या वाडीत म्हणून ते फार जोखमीचे आहे. लेबलवर आपल्या पिकाचे नाव नसेल तर ते वापरूच नये. माणसासाठीही हे सर्वांत धोकादायक तणनाशकांपैकी एक आहे. पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही आणि फुप्फुसे निकामी होतात. ते कधीही दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये.

पांढऱ्या कांद्यावरचे चट्टे

अलिबाग तालुक्यात तणनाशकाबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा होते ती पांढऱ्या कांद्यासाठी. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांतील या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, माळेला भाव आला आणि मजुरी वाचवण्यासाठी तणनाशकाकडे ओढा वाढला. कांद्याची पात उभी आणि अरुंद असते, ती जमिनीवर सावली धरत नाही. भाताचे खाचर पंधरा-वीस दिवसांत हिरवे होऊन झाकायला लागते, कांदा काढणीपर्यंत झाकत नाही. म्हणून तणांना उजेड सतत मिळतो आणि बेणणीही दोन-तीन वेळा करावी लागते.

कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन वापरतात. या औषधाचा घाव पाटावर नसतो, हरितद्रव्य बनण्याच्या वाटेवर असतो. हरितद्रव्य तयार होताना मधल्या एका पायरीचे काम एक विकर करते. ऑक्सिफ्लोरफेन त्या विकराला अडवते. मग अर्धवट तयार झालेला कच्चा माल हरितलवकाबाहेर पेशीत सांडतो. हा कच्चा माल प्रकाश शोषतो, पण त्या प्रकाशाचा उपयोग करण्याची यंत्रणा त्याच्याजवळ नसते. परिणाम तोच होतो, म्हणजे दाहक ऑक्सिजन तयार होऊन पेशी फुटतात. भातातील ऑक्साडायर्जिल याच गटातले.

जमिनीवर फवारलेल्या ऑक्सिफ्लोरफेनचा पातळ थर राहतो आणि त्यातून वर येणारा तणाचा कोंब उजेडात येताच जळतो. म्हणून फवारणीनंतर माती हलवू नये. थर मोडला की तण त्या फटीतून येते. कांद्याची पुनर्लागवड केलेली रोपे वाचतात, कारण त्यांच्या पातीवर मेणाचा थर असतो आणि उभ्या पातीवर थेंब ठरत नाहीत. कांद्याचे संरक्षण मुख्यतः या मेणावर अवलंबून आहे आणि गडबड होते ती इथेच.

एका जानेवारीत मला दाखवायला आणलेली पात आठवते. पातीच्या मध्यावर पांढरे, आत दबलेले चट्टे होते आणि काही पाती तिथेच मोडल्या होत्या. शेतकऱ्याला करपा वाटला होता आणि त्याने बुरशीनाशकाचे दोन फवारे मारले होते. विचारल्यावर उलगडा झाला. लागवडीनंतर महिनाभराने, उगवलेल्या तणावर सकाळी दवातच ऑक्सिफ्लोरफेन मारले होते. त्याआधीचे तीन-चार दिवस ढगाळ होते आणि फवारणीनंतर लख्ख ऊन पडले. ढगाळ, गार, ओलसर हवेत पातीवरचा मेणाचा थर पातळ राहतो. दवाने औषध पातीच्या बेचक्यात ओघळून साठते आणि मग ऊन पडते. औषध, मात्रा, पीक सगळे बरोबर असूनही दिवस चुकला होता. करप्याचे ठिपके हळूहळू पसरतात आणि नव्या पातीवरही येतात. हे चट्टे मात्र सगळ्या शेतात एकाच वेळी आले होते आणि त्यानंतर निघालेली पात स्वच्छ होती. त्यावरून निदान पक्के झाले.

अशा वेळी पीक मोडू नये. हे औषध झाडात फारसे फिरत नाही, गाभ्यातून येणारी पात निरोगी असते. नियमित पाणी द्यावे आणि टॉनिकवर खर्च करू नये. इजा कांदा पोसण्याच्या काळात झाली असेल तर आकार कमी राहतो, त्याला इलाज नाही.

मात्रेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचे तुकडे लहान आहेत आणि औषधाची शिफारस हेक्टरवर असते. ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के ईसी कांद्यासाठी हेक्टरी ४२५ ते ८५० मिली सांगितले जाते. म्हणजे गुंठ्याला साधारण ४ ते ८.५ मिली. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले तर १५ लिटरचा पंप ३ गुंठ्यांना पुरतो आणि त्यात १३ ते २५ मिली औषध जाते. रेताड जमिनीत खालची मात्रा घ्यावी. ‘पंपाला एक झाकण’ हे माप सोडून द्यावे, झाकण बाटलीगणिक बदलते. दवाखान्यातून मिळणारी १० मिलीची सुईविरहित सिरिंज हे त्याहून चांगले माप आहे, फक्त ती औषधाच्या खोक्यातच ठेवावी.

भातात उन्हाचा खेळ वेगळा

भातातील रोजची तणनाशके, म्हणजे प्रेटिलाक्लोर, ब्युटाक्लोर आणि बिस्पायरीबॅक सोडियम, प्रकाशसंश्लेषणावर थेट घाव घालत नाहीत. पहिली दोन उगवणाऱ्या कोंबाची वाढ रोखतात, तिसरे काही आवश्यक अमिनो आम्ले बनू देत नाही. वाढ थांबली की साखरेची मागणी थांबते आणि मग प्रकाशसंश्लेषण आपोआप मंदावते. म्हणून बिस्पायरीबॅकनंतर पाखड लगेच मरत नाही, आठ-दहा दिवस पिवळी पडत बसते. भातही काही दिवस फिका दिसतो, त्याने घाबरून युरिया टाकू नये. या औषधाची (१० टक्के एससी) मात्रा हेक्टरी २०० मिली, म्हणजे गुंठ्याला अवघी २ मिली.

भातात तण एवढे जोर का धरते, याचे एक कारण मात्र प्रकाशसंश्लेषणातच आहे. भात, वाल, कांदा ही ‘सी-३’ पद्धतीची पिके. पाखड, लव्हाळा, हराळी ही ‘सी-४’ पद्धतीची तणे. सी-४ वनस्पती कार्बन डायऑक्साइड आधी पकडून आतल्या पेशींत साठवून वापरतात, त्यामुळे कडक ऊन आणि उष्णतेत त्यांची साखर बनवण्याची गती भातापेक्षा बरीच जास्त राहते. ढगाळ जुलैत हा फायदा कमी असतो. पाऊस उघडला, आठ दिवस ऊन पडले की पाखड भाताच्या डोक्यावर जाते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. लावणीनंतरचे पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस सांभाळले तर पुढे भात स्वतःच सावली करून तणाचा उजेड तोडतो. चारसूत्री पद्धतीने नेमक्या अंतरावर लावलेले भात आणि खाचरात राखलेले चार-पाच सेंटीमीटर पाणी हेही तण दाबण्याचेच उपाय आहेत. वाडीत आळ्यांभोवती झावळ्या आणि सोडणे अंथरली तर तेच साधते, आणि वाडीसाठी मी तणनाशकाआधी हेच सुचवतो.

मिश्रण करताना

ग्लायफोसेट प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडत नाही, पण त्याला प्रकाशसंश्लेषण चालू असलेले पान हवे असते. ते पानात बनलेल्या साखरेबरोबर खाली, लव्हाळ्याच्या गाठींपर्यंत आणि हराळीच्या मुळांपर्यंत जाते. म्हणून पाण्याचा ताण बसलेल्या, धुळीने माखलेल्या किंवा नुकत्याच कापलेल्या गवतावर ते फुकट जाते. लवकर निकाल दिसावा म्हणून त्यात पॅराक्वाट मिसळणे ही तर उघड चूक आहे. पॅराक्वाट पान जाळते, साखर बनणे थांबते आणि ग्लायफोसेट वरच अडकते. गवत दोन दिवसांत तांबूस होते, बरे वाटते. तीन आठवड्यांनी लव्हाळा गाठींतून पुन्हा उभा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे, हेही लक्षात ठेवावे.

पंपात कोणते पाणी घेतो याकडे फारसे कोणी पाहत नाही. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट दोन्ही मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. पावसाळ्यात खाचरातले गढूळ पाणी पंपात भरले तर औषधाचा काही भाग फवारण्याआधीच निकामी झालेला असतो. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी जड, क्षारयुक्त असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतात. पागोळ्यांचे धरलेले पावसाचे पाणी यासाठी उत्तम.

तेच औषध दरवर्षी वापरले तर

१९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून एक नोंद प्रसिद्ध झाली. रोपवाटिकांत वर्षानुवर्षे सिमाझीन आणि ॲट्राझीन वापरल्यावर एक तण त्यांना जुमानेसे झाले होते. पुढे कारण कळले. डी-१ प्रथिनातील २६४ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले होते, त्यामुळे औषध खाचेत बसत नव्हते. या बदलाची तणालाही किंमत मोजावी लागते, इलेक्ट्रॉन थोडे हळू सरकतात. आपल्या देशात १९९०च्या दशकात हरियाणा आणि पंजाबमधील गव्हात गुल्लीदंडा हे तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले. तिथे खाच बदलली नव्हती. तण ते औषध गव्हासारखेच मोडून टाकायला शिकले होते. दोन्हीकडे कारण एकच होते, वर्षामागून वर्षे एकाच गटाचे औषध. दुकानात नवे नाव घेताना ते जुन्याच गटातले नाही ना, हे विचारावे. एकाच गटात अनेक नावे असतात.

इजा ओळखताना

रेवदंड्याच्या खारपट्ट्यात एक अडचण नेहमी येते. खारवटीनेही जुन्या पानांची टोके करपतात आणि ती पाट बुजवणाऱ्या औषधांच्या इजेसारखी दिसतात. फरक शेतात उभे राहून कळतो. खारवटीची इजा सखल भागात, बांधालगत, खाडीच्या बाजूला ठिगळांसारखी असते. तणनाशकाची इजा पंपाच्या पट्ट्यांनी येते, वळणावर जिथे दुहेरी फवारा पडतो तिथे जास्त असते आणि त्याच जातीच्या तणांवरही तशीच खूण असते. मक्यात टेम्बोट्रायोनसारख्या औषधांनी नवी पाने पांढरी पडतात, कारण हरितद्रव्याला उन्हापासून वाचवणारी पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये बनत नाहीत. नवे पान पांढरे, जुने हिरवे असे दिसले तर लोहाची कमतरता की औषध, हे फवारणीची तारीख सांगते.

किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात नमुना नेताना नुसते करपलेले पान नेऊ नये. मुळासकट रोप, बाजूच्या निरोगी भागातले एक रोप, औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो न्यावा. फवारणीचा दिवस, वेळ, त्याआधीचे चार दिवस आणि नंतरचे दोन दिवस ऊन होते की ढग, हे कागदावर लिहून न्यावे. तो कागद पानाइतकाच उपयोगी पडतो.